मूठभर दाणे टाकण्याआधी

कबुतरांना मूठभर ज्वारी टाकली म्हणून खरंच गुन्हा दाखल होतो का, असं विचारणारे अजूनही भेटतात. होतो. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तसा आदेशच दिला. त्यानंतर माहीममध्ये कबुतरांना दाणे घालताना सापडलेल्या एका व्यापाऱ्याला डिसेंबरात दंडाधिकारी न्यायालयाने पाच हजार रुपये दंड केला. रक्कम मोठी नाही, पण नावापुढे दोषसिद्धी लागली ती लागलीच.

दुसरीकडे सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आता कुठल्याही पक्ष्या-प्राण्याला खायला घालणं बेकायदेशीर आहे' असे निरोप फिरत असतात. तेही खरं नाही. चिमण्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवणाऱ्या आजींना कुणी पकडून नेत नाही. गोंधळ होतो, कारण 'खायला घालण्याचा कायदा' असा एकच कायदा आपल्याकडे नाही. कोणाला घालता, कुठे घालता आणि मागे काय उरतं, यावरून कुठला नियम लागणार ते ठरतं. कबुतरांचा विषय महापालिकेच्या स्वच्छता उपविधींत येतो, भटक्या कुत्र्यांचा केंद्राच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत, माकडांचा वन विभागाकडे. आणि शेजाऱ्यांत जुंपली की सगळेच विषय पोलीस चौकीत पोचतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. या नियमांपैकी एकही दयेच्या आड येत नाही. तुम्ही टाकलेल्या खाण्यामुळे पुढे जे होतं ते निस्तरणार कोण, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. ज्या जिवाची पुढची जबाबदारी आपल्याला घेता येत नाही, त्याला खायला घालू नये. हे सूत्र धरलं तर पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

कबुतरं

सगळ्यात जास्त भांडणं याच पक्ष्यावरून होतात, म्हणून इथे जरा थांबू.

३ जुलै २०२५ रोजी सरकारने विधान परिषदेत सांगितलं की मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याच्या सूचना महापालिकेला दिल्या जातील. कारवाई सुरू झाली आणि ती थांबवावी म्हणून प्राणिप्रेमी उच्च न्यायालयात गेले. न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. आरिफ डॉक्टर यांच्या खंडपीठाने कबुतरखान्यांच्या जुन्या वास्तू पाडू नका असं सांगितलं, पण दाणे टाकायला मुभा दिली नाही. तरीही दाणे पडतच राहिले, तेव्हा ३० जुलैला अशा लोकांवर गुन्हे नोंदवायचा आदेश निघाला. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, ६ ऑगस्टला जमावाने ती फाडली, ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने मध्ये पडायला नकार दिला. एवढं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. सार्वजनिक जागी पक्ष्यांना खाद्य टाकून घाण केली तर ५०० रुपये दंड, ही तरतूद मुंबईच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत आधीपासून होती. पुणे आणि ठाणे महापालिकांनीही कबुतरांसाठी ५०० रुपयांच्याच दंडाच्या पाट्या लावल्या. नवं आलं ते भारतीय न्याय संहितेचं बळ. सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या कलम २७० मध्ये आहे. जिवाला धोका असलेला संसर्ग पसरेल असं निष्काळजी कृत्य कलम २७१ मध्ये येतं आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सरकारी अधिकाऱ्याने रीतसर काढलेला आदेश मोडणं कलम २२३ खाली जातं. पाचशेची पावती फाडली की विषय संपला, ही समजूत त्यामुळे आता चालणार नाही.

ज्यांच्या घरात दाणे घालणं हा धर्माचरणाचा, जीवदयेचा भाग आहे, त्यांच्यासाठी काय? ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस पालिकेने चार जागी, सकाळी ७ ते ९ या वेळेत, नियंत्रित पद्धतीने खाद्य घालायला तात्पुरती परवानगी दिली: वरळी जलाशय, अंधेरी पश्चिमेला लोखंडवाला बॅक रोडलगतचा खारफुटीकडचा भाग, मुलुंडचा ऐरोली जकात नाका परिसर आणि बोरिवली पश्चिमेचं गोराई मैदान. व्यवस्था तात्पुरती आहे, म्हणून पिशवी घेऊन निघण्याआधी १९१६ या पालिकेच्या क्रमांकावर किंवा वॉर्ड ऑफिसात विचारून घ्यावं. दादरच्या कबुतरखान्यापाशी किंवा चौकातल्या दुभाजकावर 'रोज टाकतो, आजवर कुणी काही म्हणालं नाही' हे उत्तर पोलिसांपुढे उपयोगाचं नाही.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो: 'रस्त्यावर नाही टाकत, माझ्या खिडकीत टाकतो. घर माझं आहे.' घर तुमचं असलं तरी विष्ठा खालच्याच्या खिडकीवर पडते. वरळीतल्या एका सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने खिडकीबाहेर ट्रे लावून पक्ष्यांना दाणे घालायला सुरुवात केली आणि खालच्या वयस्क जोडप्याने दिवाणी दावा लावला. न्यायालयाने २०२१ मध्ये दाणे घालायला मनाई केली. मुद्दा साधा होता: उपद्रव भिंतीपाशी थांबत नाही, त्यामुळे तुमचा हक्कही तिथे थांबवावा लागतो.

आजारांबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते, म्हणून नीट सांगते. कबुतराची वाळलेली विष्ठा आणि पिसांची बारीक पूड हवेत मिसळते. तिच्यातली प्रथिनं रोज, महिनोन्‌महिने श्वासात जात राहिली तर काही जणांच्या फुप्फुसांत तीव्र प्रतिक्रिया येते. डॉक्टर याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. सुरुवातीला कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी धाप, अधूनमधून ताप. वेळीच संपर्क तुटला तर सुधारणा होते, पण आजार लांबला तर फुप्फुसावर व्रण पडतात आणि ते भरून येत नाहीत. विष्ठेवर वाढणाऱ्या बुरशीचा धोका वेगळा, आणि तो प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना अधिक. कबुतर दिसलं की आजार झाला, असं मुळीच नाही. पण घरात दम्याचा रुग्ण असेल आणि खिडकीखाली दाण्यांची थाळी असेल, तर त्यात दया शोधणं मला अवघड वाटतं.

'आम्ही थांबवलं तर बिचारी मरतील' ही भीती खरी आहे, मनापासूनची आहे, पण पक्ष्याचं जगणं तसं चालत नाही. बहुतेक पक्ष्यांना पिल्लं वाढवायला किडे लागतात, म्हणून त्यांचा विणीचा हंगाम ठरलेला असतो. कबुतर आपल्या पिल्लांना अन्नपिशवीत तयार होणारा दुधासारखा स्राव पाजतं. दाणे मिळत राहिले की त्याला हंगामाची वाट बघावी लागत नाही. दोन अंडी, सतरा-अठरा दिवसांचं उबवणं, पिल्लं उडायला लागतात न लागतात तोच पुढची दोन. म्हणजे दाणा टाकला की पक्ष्याचं पोट भरतं आणि संख्याही वाढते. स्वित्झर्लंडच्या बासल शहरात दोन दशकांहून अधिक काळ कबुतरं मारली जात होती, सुमारे एक लाख मारली, तरी संख्या होती तेवढीच राहिली. १९८८ पासून तिथे लोकांना दाणे टाकण्यापासून परावृत्त करण्यावर भर दिला, आणि चारेक वर्षांत कबुतरं जवळजवळ निम्मी झाली. आपल्या शहरांनी यातून शिकावं असं पुष्कळ आहे. ताडपत्री टाकणं त्यात पहिलं नाही.

वर्षानुवर्षं रोज घालत असाल तर एका दिवसात बंद करण्याऐवजी दोन-तीन आठवड्यांत प्रमाण उतरवत न्या. कबुतर काही किलोमीटर उडून चरतं, ते दुसरीकडे शोधेल. या काळात वेळ आणि जागा मात्र बदलू नका, नाहीतर शेजारच्या इमारतीत नवा अड्डा तयार होतो.

आता सफाई. एसीच्या बाहेरच्या यंत्रामागे कबुतराचं घरटं म्हणजे चार काटक्या, एखादी तार, प्लॅस्टिकची पट्टी आणि त्याखाली महिन्यांच्या विष्ठेचा घट्ट, पांढरा-हिरवा थर. तो कोरडा असताना झाडू मारणं हाच सगळ्यात मोठा धोका, कारण पूड उडते आणि थेट नाकात जाते. आधी साबणाचं पाणी फवारून पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग पत्र्याच्या तुकड्याने खरवडून पिशवीत भरा आणि पिशवीचं तोंड बांधा. साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा, हातमोजे घाला. घरातल्या खोकला असणाऱ्यांना आणि लहान मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा, मग लगेच जाळी लावून घ्या. जाळी ताणून बसवा. सैल जाळीत पक्षी अडकून मरतो आणि मग त्या फोटोवरून सोसायटीत नवं भांडण सुरू होतं.

कुत्री

भटकी कुत्री वन्यप्राणी नाहीत, पण लेख त्यांच्याशिवाय पुरा होत नाही, कारण लोक कबुतरांचे नियम कुत्र्यांना लावतात आणि कुत्र्यांचे कबुतरांना.

इथे कायद्याची दिशा वेगळी आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मधला नियम २० सांगतो की परिसरातल्या कुत्र्यांना खायला घालणारं कुणी असेल तर त्यासाठी जागा आणि वेळ ठरवून देणं ही सोसायटीची किंवा स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून, इमारतीच्या येण्याजाण्याच्या दारापासून दूर हवी आणि वेळ मुलं व ज्येष्ठ मंडळी कमी असतात अशी हवी. घालणाऱ्याने घाण करायची नाही. एकमत झालं नाही तर प्राणी कल्याण समिती नेमून तिच्यापुढे वाद न्यायचा. या समितीत पशुवैद्यकीय अधिकारी, पोलिसांचा प्रतिनिधी, प्राणी कल्याण संस्थेचा प्रतिनिधी, तक्रारदार आणि सोसायटीचा प्रतिनिधी असे सगळे बसतात.

त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २२ ऑगस्ट २०२५ चा आदेश आला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री उचलली तिथेच परत सोडायची. रेबीजची लागण झालेली, तशी शंका असलेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडायची नाहीत. आपल्या विषयाशी थेट संबंध असलेला भाग असा: रस्त्यावर कुठेही खायला घालता येणार नाही, प्रत्येक वॉर्डात त्यासाठी ठरवलेल्या जागा पालिकेने करून द्यायच्या, आणि तिथेच घालायचं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून कुत्री हटवायला सांगितलं गेलं. शाळेच्या फाटकापाशी पोळ्या टाकणाऱ्यांनी तरी ती सवय त्याच दिवशी सोडायला हवी होती.

तुमच्या वॉर्डात ठरवलेली जागा नसेल तर वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. सोसायटीच्या आवारात जागा ठरवायची असेल तर सभेच्या इतिवृत्तात ती नोंदवून घ्या. खायला घालणाऱ्याने प्रत्येक कुत्र्याच्या निर्बीजीकरणाची आणि रेबीजच्या लशीची नोंद ठेवली, तर विरोध करणाऱ्यांची अर्धी धार तिथेच जाते. नुसत्या बिस्किटांनी कुणाचीच सोय होत नाही, कुत्र्याचीही नाही.

जंगलाच्या कडेला

मुलुंड, बोरिवली, गोरेगावची आरे वसाहत, ठाण्याचं येऊर. इथल्या रहिवाशांनी हा भाग दोनदा वाचावा.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याच्या भिंतीला लागून लाखो माणसं राहतात. बिबट्याला कुणी हाताने भरवत नाही, हे खरं. पण उघड्या कचऱ्यावर आणि रात्री टाकलेल्या शिळ्या भातावर कुत्री जमतात, आणि उद्यानातल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे त्यांच्या विष्ठेच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. विद्या अत्रेय यांच्यासारख्या संशोधकांनी महाराष्ट्रात वर्षानुवर्षं हेच सांगितलं: बिबट्या पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही, त्याला वस्तीकडे ओढणारी कारणं कमी करावी लागतात. म्हणून जंगलाच्या कडेच्या वस्तीत कुत्र्यांना घालायचंच असेल तर दिवसाउजेडी घाला, अर्ध्या तासात उरलेलं उचला आणि रात्री काहीही बाहेर ठेवू नका. कोंबडी-मटणाचे तुकडे घारींसाठी गच्चीवरून फेकणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण घारीने न उचललेला तुकडा खालीच पडतो.

माकडांबाबत मी कसलीही सवलत देणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात वन्यप्राण्याला छेडणं, त्रास देणं किंवा तिथे कचरा करणं निषिद्ध आहे, आणि हे कलम राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतं. प्राणिसंग्रहालयात तर प्राण्याला खायला घालणं कलम ३८-ञ मध्ये स्पष्ट शब्दांत बंद आहे. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात हरणांच्या जाळीतून वेफर सरकवणारे बाबा-आई मुलांसमोर हा गुन्हा करत असतात. याच कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत वन्यप्राण्याला आमिष दाखवणंही येतं, हे किती जणांना माहीत असतं? फोटोसाठी केळं दाखवत वानराला गाडीच्या बॉनेटवर बोलावणाऱ्यांनी ते जरूर लक्षात ठेवावं.

घाटांत हे रोज दिसतं. गाडी थांबते, काच खाली येते, कुरकुऱ्यांचं पाकीट बाहेर येतं. मग माकडं झाडांऐवजी वळणावर बसायला लागतात. पुढची गाडी वेगात येते आणि पिल्लू चाकाखाली जातं. वस्तीत त्याचाच दुसरा चेहरा दिसतो: हातातली पिशवी ओढणं, स्वयंपाकघरात शिरणं, आडवं येणाऱ्याला चावणं. मग तेच लोक, ज्यांनी शनिवारी केळी घातली, सोमवारी 'माकडं पकडून न्या' म्हणून वन विभागाला अर्ज करतात.

माकड अंगावर आलं तर दात दाखवू नका, नजरेला नजर देऊ नका, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरा. हातात खाऊ असेल तर लपवण्याची झटापट करू नका, सोडून द्या. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका.

पाण्यावर

हिवाळ्यात गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर बसलात की कुरवांचा थवा मागे लागतो. तपकिरी आणि काळ्या डोक्याचे हे कुरव हजारो किलोमीटरवरून आपल्याकडे येतात. लाँचवर शेव-गाठ्यांची पुडी मिळते, पक्षी हातापर्यंत येतो, फोटो सुरेख निघतो. मासे आणि खाडीतले किडे खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात मग तळलेलं बेसन, मीठ आणि कधीकधी पुडीचा तुकडाही जातो. मला यात सगळ्यात वाईट वाटतं ते मुलांचं, कारण त्यांना कुरव म्हणजे शेव खाणारा पक्षी एवढंच कळतं. कॅमेरा न्या, दुर्बीण न्या, पुडी विकत घेऊ नका.

तलावांतल्या माशांना पाव आणि पिठाचे गोळे घालण्याचंही तसंच आहे. न खाल्लेलं अन्न कुजतं, पाण्यातला प्राणवायू खातं आणि मासे गुदमरतात. मुंबईच्या बाणगंगा तलावात पितृपक्षातल्या अर्पणानंतर मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. काकबळी गच्चीवर, पानावर ठेवावा आणि कावळा जेवून गेला की पान उचलावं. विधी त्याने मोडत नाही.

मग करायचं तरी काय

पाणी ठेवा. मार्चपासून पावसापर्यंत पाण्याची गरज खाण्यापेक्षा जास्त असते आणि त्यावर कुणी तक्रारही करत नाही. मातीचं पसरट भांडं घ्या, खोली दोन-तीन बोटं, आत एक खडबडीत दगड, म्हणजे चिमणीला उभं राहता येतं आणि मधमाशी बुडत नाही. पाणी रोज बदला आणि भांडं आतून घासून घ्या. नुसतं पाणी ओतून चालत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. डासांची पैदास सापडली तर पालिकेची नोटीस येते, ती पक्षिप्रेमाचं कारण ऐकून घेत नाही.

चिमण्यांना दाणे घालायचेच असतील तर बाजरी किंवा तांदळाची कणी, तीही एक-दोन चमचे, आणि ज्यात कबुतर शिरू शकणार नाही अशा बारीक तोंडाच्या टांगत्या भांड्यात. दहा मिनिटांत संपेल एवढंच. शेव, फरसाण, पाव, शिळा मसालेभात कुणालाच नको. चिमणीच्या पिल्लांना तर किडेच लागतात, त्यामुळे बाल्कनीतल्या कुंडीवर कीटकनाशक न फवारणं ही दाण्यांपेक्षा मोठी मदत आहे.

जागा असेल तर झाडं लावा. सोसायटीच्या कुंपणाला उंबर किंवा काटेसावर, रस्त्याकडेला पांगारा. उंबराला फळं धरली की तांबट, हळद्या, बुलबुल आपोआप येतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाला खिडकी धुवावी लागत नाही. जागा नसेल तर कुंडीत कढीपत्ता लावा. फुलपाखरू त्यावर अंडी घालतं, अळ्या पानं कुरतडतात, आणि आमटीला चार पानं कमी पडली तरी चालतं.

सोसायटीतलं भांडण

शेजारी दाणे टाकतो म्हणून वरच्यावर ओरडून काही साधत नाही. आधी बोला. मग तारीख दिसेल असे फोटो काढा आणि समितीला लेखी द्या. समितीने सर्वसाधारण सभेत ठराव करावा, संबंधित सभासदाला नोटीस द्यावी, त्याचं म्हणणं ऐकावं. उपविधींत नसलेला दंड मनाने लावू नये आणि पाणी-लिफ्ट तोडण्याची धमकी तर अजिबात देऊ नये, ती उलटते. सार्वजनिक जागेचा प्रश्न असेल तर वॉर्डातल्या घनकचरा विभागाकडे तक्रार करा. कुत्र्यांना मारणं, विष घालणं किंवा परस्पर दुसऱ्या परिसरात नेऊन सोडणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यापासून न्याय संहितेपर्यंत कुठे ना कुठे गुन्ह्यात बसतं, मग मूळ तक्रार कितीही रास्त असो.

परदेशी मुलाकडे, मुलीकडे जाणाऱ्या आई-बाबांसाठी एक सूचना. सिंगापुरात जून २०२० पासून परवानगीशिवाय कुठल्याही वन्यप्राण्याला खायला घालणं बंद आहे. कबुतरही त्यात आलं. पहिल्या वेळी पाच हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर दहा हजारांपर्यंत. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात २००३ पासून बंदी आहे. सकाळी फिरायला जाताना खिशात उरलेल्या पोळीचे तुकडे ठेवायची सवय विमानतळावरच सोडलेली बरी.

जखमी किंवा उन्हाने खाली पडलेला पक्षी सापडला तर मात्र वाट पाहू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, आत सुती फडकं घाला, पक्षी अलगद ठेवून झाकण लावा आणि खोकं शांत, अंधाऱ्या, सावलीच्या जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-पोळी भरवू नका. महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. पुण्यात रेस्क्यू ही संस्था अशा प्राण्यांवर उपचार करते. पक्षी बरा होईपर्यंत घरी ठेवू, असं ठरवू नका. पोपटासारखा आपला देशी रानपक्षी पिंजऱ्यात पाळणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि 'जखमी होता म्हणून ठेवला' असं सांगणाऱ्यांच्या घरातूनही पोपट जप्त होतात. फोन केल्यावर सापडल्याची जागा आणि वेळ सांगा, नाव नोंदवा, आणि माणूस येईपर्यंत खोकं उघडून बघत बसू नका.